कपड्याचे दोनशे वजा

मंगळवार, ११ फेब्रुवारी १९६९. थंडी ओसरली. सकाळी नळाला पाणी वीस मिनिटं उशिरा. धाकटीच्या शाळेत दात तपासले, एक किडका निघाला. वन्सं ड्यूटीवरून पावणेचारला आल्या. त्यांना महिना मिळाला, चार खाटांची खोली मिळाली. जेवताना हे म्हणाले, "ताई, निदान ताटावर तरी दवाखाना बंद." तो बंद झाला नाही.

त्या दिवशी मी एवढंच लिहिलं आहे. आता जरा सविस्तर सांगते.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. प्रसूतीच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलं नाही. आमच्याच घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहान खोलीत राहिल्या. त्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली, हे त्यांच्याआधी तीन वर्षं गेले. वन्संबद्दल कुणी काही लिहिलं नाही आणि लिहावं असं त्यांना वाटलंही नसतं. पण माझ्याकडे रोजनिशा आहेत. शाळेत नन्सनी सवय लावली होती, रोज आठ ओळी आणि त्यांत ‘मी’ फार तर दोनदा. त्या आठ ओळींत वन्सं जितक्या वेळा आल्या आहेत तितके माझे यजमानही आलेले नाहीत.

बांधा ठेंगणा, चाल भराभर, नखं इतकी कापलेली की बोटं बोथट दिसायची. घड्याळ मनगटावर नाही, छातीवर पिनेने उलटं लावलेलं. बाळाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करायच्या. ही सवय घरातही जात नसे, कणीक मळायलाही आधी हात चोळायच्या. "थंड हाताची नर्स आणि गरम डोक्याचा डॉक्टर बाळंतिणीच्या वाऱ्यालाही नको," असं म्हणायच्या. दोन्ही नमुने त्यांनी भरपूर पाहिले होते.

त्या काळची दवाखान्याची रीत अशी. मूल झालं की आईला लांबूनच दाखवायचं, हाताला नंबराची पट्टी बांधायची आणि व्हरांड्याच्या टोकाला काचेची खिडकी असलेल्या बाळांच्या खोलीत न्यायचं. दर चार तासांनी घंटा व्हायची. घंटा झाली की बाळं ढकलगाडीवर एका ओळीत निजवून वॉर्डात यायची, पाववाल्याच्या गाडीवर पाव असतात तशी. वीस मिनिटं पाजायचं, की गाडी परत. बाळ त्या वेळी गाढ झोपलेलं असलं तरी तेच आणि तासभर आधी भुकेने रडून दमलेलं असलं तरी तेच. वडिलांनी गुरुवारी आणि रविवारी चार ते पाच यायचं. आतून नर्स मूल उचलून धरायची आणि ते बाहेरून काचेला नाक लावायचे. आईचा मुक्काम दहा दिवस.

ही रीत कुणी दुष्टपणाने घातलेली नव्हती. वन्सं नोकरीला लागण्यापूर्वी एकदा जुलाबाची साथ येऊन बरीच बाळं दगावली होती. तेव्हापासून बाहेरच्या माणसाचा हात म्हणजे रोग असं ठरलं, आणि बाहेरच्या माणसांत हळूहळू आईसुद्धा धरली गेली.

वन्संनी त्या काचेच्या खोलीत अठरा वर्षं काढली. रीत त्यांनी इतरांपेक्षा कडक पाळली. माझी मोठी मुलगी तिथेच झाली आणि तेव्हा ड्यूटीवर वन्संच होत्या. भिंतीपलीकडून एक बाळ सारखं रडत होतं. त्या वॉर्डात आल्यावर मी विचारलं, "वन्सं, ते आपलं का हो?"

"नाही गं. आपली मस्त झोपलीय. तू पड."

मी पडले. याला नऊ वर्षं झाल्यावर एकदा दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. वन्सं एकदम म्हणाल्या, "ती आपलीच होती."

"कोण?"

"त्या दिवशी रडत होती ती. पाऊण तास रडत होती. घंटेला वेळ होता." त्यांनी दोन शेंगा सोलल्या. "मी सगळ्यांनाच सांगायचे, तुझं नाही म्हणून. वॉर्डात चौदा जणी असल्या तर चौदा जणींना. मग रडत कोण होतं?"

मला राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण त्यांचा चेहरा बघून मी पुढची शेंग उचलली. रोजनिशीत त्या दिवशी लिहिलं आहे, "वन्संनी मोठीच्या जन्माच्या वेळची एक गोष्ट सांगितली. मटार निम्मे किडके."

त्याच आठवड्यात दवाखान्यात एक प्रकार घडला होता, म्हणून त्यांना हे आठवलं. दहा दिवस राहून घरी गेलेली एक पहिलटकरीण तिसऱ्याच दिवशी नवऱ्याबरोबर परत आली. नवऱ्याने बाळ असं धरलं होतं, जणू चुलीवरून उतरवलेलं पातेलं. बाळाला काही झालेलं नव्हतं. ती मुलगी वन्संना म्हणाली, "सिस्टर, हे रडतं तेव्हा काय करायचं असतं?"

"दहा दिवस आपल्याकडे होती," वन्सं मला सांगत होत्या. "दहा दिवसांत तिने त्याला रडताना पाहिलंच नव्हतं."

मग त्यांनी मेट्रनबाईंच्या मागे लकडा लावला. मेट्रनबाई म्हणजे शिस्तीचा पुतळा, पण अन्यायी बाई नव्हती. वन्संचं म्हणणं सरळ होतं. पाळणा आईच्या खाटेशेजारी ठेवा. बाळाला भूक लागेल तेव्हा पाजू द्या. वडिलांना रोज येऊ द्या, हात धुऊन मूल हातात घेऊ द्या. आठ महिने "नाही" ऐकल्यावर फेब्रुवारीत मोठ्या डॉक्टरांनी महिना दिला. कोपऱ्यातली चार खाटांची खोली घ्या, म्हणाले. अट अशी की एकाही बाळाला रोग होता कामा नये आणि वजनं काचेच्या खोलीतल्या बाळांपेक्षा कमी भरता कामा नयेत. भरली तर खोली बंद, आणि वन्संची बदली कपड्यांच्या कोठारात. "अठरा वर्षं मुलं मोजलीत, पुढची चादरी मोजा," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते खरं होणार हे वन्संना समजलं.

वन्संचा जीव या एका महिन्यात होता. कोठारातली नोकरी सुखाची होती, सगळ्या दिवसपाळ्या. त्यांना ती नको होती.

पहिली अडचण कपड्यांची आली. दवाखान्याची बाळं जाड फ्लॅनेलच्या दुपट्यात गुंडाळलेली असत. आईजवळ राहणारी बाळं जास्त वेळा बदलली जाणार, तेवढी दुपटी धुणार कोण? धुलाईवाल्यांनी हात वर केले. वन्सं म्हणाल्या, घरून आणा. जुनं, मऊ, सुती, उकळून घेतलेलं. आयांना बदलायची सवयही होईल. तसं ठरलं.

वडील लोक पहिल्या दिवशी दाराशीच खुर्च्यांच्या कडेवर टेकून बसले. एक कारकून होता, त्याने हात धुतले, कोरडे केले आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

"सही नको. मान धरा. तुमची नाही, तिची."

एका बाळाची आजी कुरकुरली, "पुरुषमाणसाचं काय काम इथे? आमच्या वेळी हे गेटाबाहेर येरझारा घालायचे."

"आता आत घालू द्या, आजी. खांद्यावर पोर घेऊन घातल्या की ढेकर तरी निघेल."

पहिले दोन आठवडे वन्सं घरी येऊन अशा गोष्टी सांगत. तिसऱ्या आठवड्यात गप्प झाल्या. ताटात भात तसाच राहायला लागला. मी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं.

"वजनं कमी येताहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची. शंभर, सव्वाशे, दीडशे ग्रॅम. एकाचीही बरोबर नाहीत."

"दूध कमी पडतं का?"

"तेच कळत नाही. पोटभर पितात, झोपतात, दिवसाला आठ-आठ दुपटी भिजवतात. डोळ्यांना बाळ गुबगुबीत दिसतं आणि काटा म्हणतो उपाशी आहे." ताट बाजूला सारून म्हणाल्या, "घंटाच बरोबर होती की काय?"

हे म्हणाले, "ताई, तू करून पाहिलंस ना? झालं तर."

"करून पाहायला ती काय भाजी आहे?" वन्सं म्हणाल्या. ह्यांनी मग पाणी प्यायलं. मोठ्या डॉक्टरांनी शुक्रवार, १४ मार्च हा निकालाचा दिवस दिला होता. कोठारात वन्संसाठी टेबल लावलंय असं कुणीतरी येऊन सांगूनही गेलं.

सोमवारी, दहा तारखेला, संध्याकाळी तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईचा नवरा आला. हा धान्याच्या गोदामात मापाडी होता. वीस वर्षं पोती तोलत आलेला. रोज येऊन मुकाट्याने मुलगी मांडीवर घेऊन बसायचा. त्या दिवशी वन्सं बाळं तोलत होत्या. गारठू नये म्हणून बाळ दुपट्यासकट काट्यावर ठेवायचं आणि येईल त्या आकड्यातून दोनशे वजा करून लिहायचं, ही पद्धत. मापाड्याने आपली मुलगी तोलताना पाहिलं, वहीत लिहिताना पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, बारदान किती धरता?"

"काय?"

"पोतं हो. माल पोत्यासकट काट्यावर जातो, मग पोत्याचं वजन काढून टाकायचं. तुम्ही किती काढता?"

"दोनशे."

"दोनशे? ह्या फडक्याचे?"

बायको खाटेवरून म्हणाली, "अहो, गप्प बसा की. दवाखाना आहे हा, गोदाम नाही. आणि फडकं काय म्हणता, माझ्या आईने शिवलंय ते."

"तुझ्या आईने चांगलंच शिवलंय, पण दोनशेचं नाही शिवलं." त्याने ते दुपटं तळहातावर घेऊन एकदा वरखाली केलं. "पासष्ट. सत्तरच्या वर गेलं तर उद्यापासून पोती उचलीन, तोलणार नाही."

वन्संनी काट्यावर टाकलं. सदुसष्ट भरलं. मग त्या काचेच्या खोलीत गेल्या आणि तिथलं एक फ्लॅनेलचं दुपटं आणून टाकलं. दोनशे पाच.

आम्हाला हे सांगताना त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच उभ्या होत्या, पिशवी खांद्यावरच होती. "वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, ‘कपड्याचे दोनशे वजा’. माझ्या आधीच्या सिस्टरने लिहिलं, तिला तिच्या आधीच्या बाईंनी सांगितलं. अठरा वर्षं मी डोळे मिटून वजा करते आहे. कापड बदलायला मीच सांगितलं आणि वजाबाकी तीच ठेवली. मुलांचं वजन मीच खात होते."

जन्मल्याबरोबरचं वजन प्रसूतीच्या खोलीत, दवाखान्याच्याच फ्लॅनेलमध्ये व्हायचं. ते बरोबर होतं. त्यानंतरचं प्रत्येक वजन सव्वाशेच्या आसपास कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी मेट्रनबाईंना काटा दाखवला. मेट्रनबाईंनी दोन्ही दुपटी स्वतः तोलली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "खोलीतल्या चार बाळांचं झालं. महिन्यातली आठ बाळं घरी गेली, त्यांच्या कपड्यांचं काय? अंदाज मी डॉक्टरांपुढे नेणार नाही."

आणि त्यांचं बरोबर होतं. घरून आलेलं प्रत्येक दुपटं वेगळं.

मंगळवार, बुधवार आणि गुरुवार, तीन दिवस दुपारी ड्यूटी संपल्यावर वन्सं आणि मी आठ पत्ते घेऊन फिरलो. मापाड्याने लहान तागडी आणि वजनं दिली होती, वर बजावलं होतं, "दोरी मधोमध धरा, बाई. लोक कडेला धरतात आणि मग काट्याला शिव्या देतात." वन्सं तोलणार, मी लिहिणार.

लोकांना आमचं येणं विचित्र वाटलं. छापखान्यामागच्या बोळात एका तिसऱ्या मजल्यावरची आजी दार अडवून उभी राहिली. "मुलाला बघायला आलात ते समजलं. दुपटं तोलायला आलात? आम्ही काय दवाखान्याचं पळवलंय?"

"तुमचंच आहे, आजी. तुमच्या नातवाचं हरवलेलं वजन त्यात आहे."

आजी बाजूला झाली, पण तागडीवरची नजर काढली नाही. एका घरी दुपट्याचे दोन तुकडे करून झाले होते, दोन्ही तोलले. एका घरी दुपट्यानेच स्टोव्ह पुसला होता. वन्संनी तिथेच मोरीवर बसून ते साबणाने धुतलं, दोरीवर टाकलं आणि वाळेपर्यंत त्या बाळाच्या आईला बाळाच्या कानामागची खळगी कशी पुसायची ते दाखवत बसल्या. बाळाचे वडील सुतार होते. ते दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून उभे राहून ऐकत होते. आठव्या पत्त्यावर कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, बदली झाली, गाव सोडून गेले.

आणि एका घरी बाळ खरोखरच हडकलेलं दिसलं. दुपटं तोलून वजन दुरुस्त केलं तरी कमी. सासू खोलीतून हलेना. वन्संनी तिला चहा ठेवायला पाठवलं आणि दार लोटलं. सून रडायला लागली. छातीला भेगा पडल्या होत्या, पाजताना ब्रह्मांड आठवत होतं आणि दवाखान्यात असल्यापासून तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिथेही सासू रोज बसलेली. वन्संनी तिला नीट धरून दाखवलं, तूप लावायला सांगितलं, परत येते म्हणून सांगितलं. जिन्यात म्हणाल्या, "ही माझी चूक. सगळ्या घराला आत घेतलं, पण तिला एकटीला विचारायचं राहिलं."

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी आकडेमोड केली. बारा बाळं. ज्या वयाचं बाळ, त्याच वयाच्या काचेच्या खोलीतल्या बाळांशी ताडून. दहा बरोबरीत, काही चार-दोन ग्रॅम इकडेतिकडे. एक कमी. एक रकाना रिकामा.

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "ताई, ते एक आणि तो रिकामा रकाना, ते मुद्दाम पुढे करायलाच हवं का? टेबल लावून बसलेत ते लोक."

"म्हणजे कापडाचं खोटं काढायचं आणि माझं घालायचं?" वन्सं म्हणाल्या. "जसं आहे तसं लिही गं. त्या मुलीबद्दल खाली कारण लिही, आणि सिस्टरने विचारलं नाही असंही लिही."

मी लिहिलं.

शुक्रवारी त्या साडेचारला आल्या, तोवर मी खिडकीशी चार फेऱ्या मारल्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगितलं ते असं. मोठ्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. कमी वजनाच्या बाळाबद्दल बरंच विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे बरोबरीत आहेत. यात फायदा कुठे आहे, सिस्टर?"

"फायदा मी लिहिलेलाच नाही, डॉक्टर. बरोबरीत आहेत आणि रोग कुणाला झालेला नाही. मग आईपासून लांब ठेवायचं कारण काय ते मला सांगा. मी अठरा वर्षं ठेवलीत. मला कुणी विचारलं तर काय सांगू?"

डॉक्टर मेट्रनबाईंकडे बघायला लागले. मेट्रनबाई म्हणाल्या, "दुपटी आता सगळीकडेच तोलून वजा करायला लागतील. काचेच्या खोलीतसुद्धा. धुऊन धुऊन तीही हलकी झालीच असणार." डॉक्टर म्हणाले, खोली राहू द्या. चारच खाटा. आणि बाळंतिणीला रोज एकदा एकटीला भेटायचं, घरच्यांना बाहेर काढून, हे नियमात घाला.

एवढंच झालं. त्या चार खाटांच्या आठ व्हायला तीन वर्षं गेली, काचेची खोली रिकामी व्हायला सात. आजारी बाळांपुरती ती पुढेही राहिली, राहायला हवीच होती. वन्सं निवृत्त झाल्या तेव्हा नव्या नर्सांना हे सगळं आधीपासूनच असं होतं असं वाटायचं, आणि वन्संनी त्यांना वेगळं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. दुपटी तोलायला मात्र शिकवायच्या, तळहातावर घेऊन, डोळे मिटून.

त्या शुक्रवारी हे घरी आल्यावर त्यांना मी दारातच सांगितलं. ते आत जाऊन बहिणीला म्हणाले, "मग, कोठारातल्या चादरींचं काय?"

"त्या तू मोज. तुला रविवारी काम नसतं."

वन्सं त्या रात्री भाताची दुसरी वाढ घेऊन जेवल्या आणि नऊला झोपल्या. सकाळी सहाची ड्यूटी होती. तागडी मापाड्याला परत द्यायची म्हणून मी दाराशी काढून ठेवली आणि रोजनिशी लिहायला बसले. खोलीबद्दल दोन ओळी आहेत, त्या वर सांगितल्याच. शेवटची ओळ अशी:

"रॉकेल संपलं. उद्या बाटली घेऊन जायचं."